एक साधी वेबसाइट

"एक साधी वेबसाइट नीट करता येत नाही का तुम्हा लोकांना?"

गेली नऊ वर्षं मला हा प्रश्न विचारला जातोय. लग्नात, सोसायटीच्या मीटिंगला, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानासुद्धा. मागच्या महिन्यात माझ्या आतेभावाने विचारला. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला तो दोन रात्री जागला होता आणि फोटो काही केल्या अपलोड होत नव्हता. तो चिडला होता आणि त्याचं चिडणं रास्त होतं. मी नेहमीसारखी "बघते रे" म्हणून विषय बदलला. पण तुम्ही सगळे पुन्हा पुन्हा विचारता, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

मी शासनाच्या ऑनलाइन सेवांवर प्रॉडक्ट मॅनेजर आहे. पगार सल्लागार कंपनी देते, बसायला जागा शासन देतं. शासन निर्णय निघतो, त्याला परिशिष्ट अ, ब, क जोडलेली असतात आणि त्यातून लोकांना भरता येईल असा अर्ज उभा करायचा असतो. अर्जदाराला काय विचारायचं, काय विचारायचं नाही, कुठला रकाना सक्तीचा, पडद्यावर कोणते शब्द दिसायचे, हे कुणीतरी ठरवावं लागतं. बऱ्याचदा ते मी ठरवते. कोड मी लिहीत नाही आणि सही साहेबांची असते, त्यामुळे घरच्यांनाही मी नेमकं काय करते ते धड सांगता येत नाही.

शेवटच्या तारखेला साइट का झोपते, टेंडर सर्वांत कमी दरवाल्यालाच का जातं, निर्णय निघाल्यावर आठ दिवसांत शुद्धिपत्रक आलं की केलेलं काम पुन्हा का करावं लागतं, हे सगळं तुम्ही पेपरात वाचलेलं आहे. ते खरंही आहे. आणि हेही खरं आहे की डिजिटल सहीचा सातबारा आज पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. माझ्या वडिलांनी एका उताऱ्यासाठी तलाठी सज्जाला घातलेल्या खेपा मला आठवतात. तो सातबारा रोज काढणारे लोक त्याबद्दल काही बोलत नाहीत, कारण जे चालतं त्याबद्दल कुणी बोलत नसतं. याचं मला वाईट वाटतं, हे मी लपवत नाही.

पण तुमच्या प्रश्नातला "साधी" हा शब्द मला टोचतो. त्यामागे एक प्रसंग आहे.

२०२२ सालची गोष्ट. एका अनुदान योजनेच्या पोर्टलवर मी होते. अर्ज, छाननी, मंजुरी आणि मग पैसे थेट आधारवर. पोर्टल चांगलं चाललं होतं. आमच्या डॅशबोर्डवर मंजूर अर्जांपुढे हिरवी पट्टी यायची आणि दर सोमवारी आढाव्याला मी ती मोठ्या पडद्यावर दाखवायचे. त्या पावसाळ्यात मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात दोन दिवस बसायला गेले. लोक अर्ज कसे भरतात ते बघायला असं मी अधूनमधून जाते. केंद्रचालकाच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं, बोलायचं नाही, फक्त बघायचं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास एक बाई आल्या. साठीच्या असतील. हातात कॅरीबॅग, तिच्यात पासबुक आणि चार कागद. त्यांनी ते चारही कागद टेबलावर एकाखाली एक नीट मांडले. आमच्याच पोर्टलवरच्या अर्जाच्या स्थितीच्या प्रिंट होत्या त्या. चारही एकाच अर्जाच्या, तारखा तेवढ्या वेगळ्या. चारहींवर मधोमध, ठळक अक्षरांत: "अनुदानाची रक्कम आपल्या खात्यात यशस्वीरीत्या जमा झाली आहे."

ते वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझा.

"कागदावर पडले म्हनतंय," त्या म्हणाल्या, "मंग माझ्या बुकात का न्हाई पडले?"

केंद्रचालक वाईट नव्हता. त्याने पाचव्यांदा अर्ज क्रमांक टाकला, पाचव्यांदा हिरवी पट्टी आली. "मावशी, सरकारनं टाकलेत. तुम्ही बँकेत विचारा." बँकेत त्या तीनदा जाऊन आल्या होत्या. बँकवाले म्हणत होते, आमच्याकडे आलेच नाहीत. दर वेळी बँकेने हात वर केले की त्या केंद्रात यायच्या, दहा रुपये देऊन नवी प्रिंट काढायच्या आणि ती घेऊन पुन्हा बँकेत जायच्या. सरकारी कागद दाखवला की पैसे देतील, असं त्यांना वाटत होतं. यायला-जायला एसटी, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच.

मी व्हरांड्यात गेले आणि ऑफिसला फोन लावला. आमच्या डेव्हलपरला अर्ज क्रमांक सांगितला. दोन मिनिटांत उत्तर आलं: पैसे गेलेत, पण दुसऱ्याच बँकेत.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल, कारण हे अजूनही बऱ्याच जणांना माहीत नसतं. आधारवरून अनुदान पाठवताना खाते क्रमांक पाठवतच नाहीत, आधार क्रमांक पाठवतात. बँकांमधले व्यवहार जोडणारी एनपीसीआय नावाची संस्था आहे, तिच्याकडे एक मॅपर असतो, म्हणजे कुठलं आधार कुठल्या बँकेशी जोडलंय त्याची यादी. त्यात तुमच्या आधारपुढे एकाच बँकेची नोंद असते, सर्वांत शेवटी ज्या बँकेने तुमचं आधार तिथे जोडलं त्या बँकेची. पैसे तिकडेच जातात, मग तुम्ही अर्जाला पासबुक कुठलंही जोडलेलं असो. आणि बँकेत जाऊन "माझं आधार लिंक आहे का?" विचारलं तर "आहे" असं उत्तर मिळू शकतं, कारण केवायसीसाठी दिलेलं आधार त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसत असतं. मॅपरमधली नोंद ही वेगळी गोष्ट. हा फरक समजायला मला स्वतःला कितीतरी महिने लागले होते.

मी आत जाऊन त्या बँकेचं नाव सांगितलं. "तिथं माझं खातंच न्हाई," त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, चार-पाच वर्षांपूर्वी गावात शिबिर झालं होतं, पारावर टेबल लावून सगळ्या बायांचे अंगठे घेतले होते. पुस्तक मिळालं होतं का, ते आठवत नव्हतं. त्या बँकेची शाखा जिल्ह्याच्या गावाला होती. त्यांनी चारही प्रिंट पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवल्या. मला वाटलं होतं, आता त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "हे आधी कुनीच कसं सांगितलं न्हाई?"

कुणीच सांगितलं नाही, कारण मी ते काढून टाकलं होतं.

पैसे जमा झाल्याची जी फाइल आमच्याकडे परत येते, तिच्यात कोणत्या बँकेत गेले त्याचा सांकेतिक क्रमांक असतो. म्हणजे माहिती आमच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. पोर्टलच्या पहिल्या आराखड्यात स्थितीच्या पानावर बँकेचं नाव, फाइल क्रमांक, पाठवल्याची तारीख, जमा झाल्याची तारीख असं सगळं होतं. बैठकीत मी म्हणाले, एवढं कशाला? अर्जदाराला एकच गोष्ट कळायला हवी, पैसे मिळाले की नाही. पान साधं हवं. सगळ्यांना पटलं. विभागातले एक अव्वल कारकून तेवढे म्हणाले, "मॅडम, बँकेचं नाव असू द्या. लोक तेच विचारतात." वीस-बावीस वर्षं तहसीलच्या खिडकीवर काढलेला माणूस. मी त्यांना हसून सांगितलं की त्यासाठी आपण मदतीचं वेगळं पान करू. ते पान कधीच झालं नाही.

तेव्हाची मी आजच्या मला सहज सोडत नाही. ती म्हणते, स्थितीचं पान नुसत्या अर्ज क्रमांकावर उघडायचं, पासवर्ड नाही, ओटीपी नाही. अर्ज क्रमांक याद्यांमध्ये छापलेले. तिथे बँकेचं नाव दाखवलं असतंस तर कुणीही फोन करून "तुमच्या अमुक बँकेतून बोलतोय" म्हणाला असता आणि खातं रिकामं झालं असतं. हे खरं आहे. मग ओटीपी का नाही लावला? तर कितीतरी अर्जांमध्ये मोबाइल नंबर केंद्रचालकाचा असतो, कारण अर्जदाराकडे फोन नसतो, किंवा असतो तो मुलाकडे पुण्यात. ओटीपी लावला असता तर त्या बाईंना स्वतःची स्थितीसुद्धा दिसली नसती. हेही खरं आहे.

पण मी ती ओळ काढली ती या कारणांसाठी नाही. ही कारणं मला नंतर सुचली. तेव्हा मला पान देखणं हवं होतं. आधी पुण्यात खरेदीच्या ॲपवर काम करायचे, तिथे हेच शिकले होते. तिथे ते बरोबरही होतं. गिऱ्हाईक गोंधळलं तर दुसऱ्या ॲपवर जातं, त्याचं काही अडत नाही. इथे दुसरं दुकान नाही.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी परतीच्या गाडीत लक्षात आली, आणि ती मला सर्वांत जास्त छळते. आपल्याकडे २०१५ सालचा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही किंवा अर्ज फेटाळला तर अपील करता येतं. पहिलं अपील, दुसरं अपील, त्यावर आयोग. हा कायदा मला मनापासून आवडतो. पण आमची ती योजना अशा सेवेत मोडत असती, तरी बाईंनी अपील कशाविरुद्ध करायचं? अर्ज मंजूर. रक्कम जमा. रखडलेल्या अर्जांच्या यादीत त्या नव्हत्या, तक्रारींच्या आकड्यात नव्हत्या. माझ्या सोमवारच्या हिरव्या पट्टीत होत्या. त्या पट्टीत अशा किती जणी होत्या, ते मी परत आल्यावर तपासायला घेतलं: अर्जातली बँक एक आणि पैसे गेलेली बँक दुसरी. तो आकडा मी इथे देणार नाही, तो विभागाचा आहे. एवढंच सांगते की यादी उघडली त्या रात्री मी जेवले नाही.

ती एक ओळ परत आणायला सात महिने लागले. टिप्पणी, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव. व्हेंडर म्हणाला हे मूळ कामात नाही, सीआर काढा, म्हणजे बदलाची वेगळी मागणी. सीआरचा खर्च कुठल्या लेखाशीर्षातून करायचा यावर दोन बैठका. मग यूएटी, म्हणजे विभागाने स्वतः वापरून बघायची चाचणी, मग पुन्हा सिक्युरिटी ऑडिट. या सगळ्याचा मला वैताग येतो, पण यातली प्रत्येक पायरी कधीतरी कुणीतरी पैसे खाल्ले किंवा माहिती फुटली म्हणून आलेली आहे, त्यामुळे नुसती नावं ठेवून मोकळं होता येत नाही. शेवटी ओळ आली: "आपल्या आधारशी जोडलेल्या अमुक बँकेत रक्कम जमा झाली आहे." खाली बारीक अक्षरांत, ही बँक अर्जातल्या बँकेपेक्षा वेगळी असू शकते. मला वाटलं, आता सुटलो.

चार महिन्यांनी हेल्पलाइनवर एक तक्रार आली. एका बाईने नवऱ्याला न सांगता वेगळ्या बँकेत खातं काढलं होतं आणि आधार मुद्दाम तिथे जोडून घेतलं होतं. अनुदान तिथे साठत होतं. नवऱ्याने केंद्रातून स्थितीची प्रिंट काढली. हेल्पलाइनच्या मुलीने तक्रारीच्या रकान्यात जे लिहिलं होतं ते मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचू शकले नाही. तिथेही वाक्य माझंच होतं.

मग काय करायचं? माझ्या हाताखालच्या मुलाने विचारलं, "मॅडम, ठेवायचं की काढायचं?" तो चोवीस वर्षांचा आहे, हुशार आहे, त्याला वाटतं याचं एक बरोबर उत्तर असणार. मलाही त्याच्या वयात वाटायचं. त्या अव्वल कारकुनांना मी फोन केला. ते आता निवृत्त झालेत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खिडकीवर असताना मी बघून बोलायचो. बाई एकटी आली असली तर सांगायचो, सोबत कुणी असलं तर नंतर या म्हणायचो." पडद्याला ते जमत नाही. निदान मला अजून जमवता आलेलं नाही.

सध्या माझा प्रस्ताव असा आहे: नुसत्या अर्ज क्रमांकावर फक्त "जमा झाली" दिसावं आणि बँकेचं नाव अंगठा दिल्यावरच दिसावं. पण अंगठा सेवा केंद्रात द्यायचा, म्हणजे पडद्यासमोर केंद्रचालक असणार, आणि काही वेळा बाजूला घरचं माणूसही. शिवाय राबून घट्टे पडलेल्या हातांचे ठसे यंत्र नाकारतं, ते वेगळंच. आणि बँकेचं नाव प्रिंटवर यावं की नाही? आलं तर कागद घरी जातो. नाही आलं तर ती पहिली बाई बँकेत जाऊन काय दाखवणार?

सोमवारी टिप्पणी सादर करायची आहे. सगळे मुद्दे लिहून झाले आहेत. "छापील प्रतीवर" या शब्दांपुढची जागा तेवढी रिकामी आहे.