गायक मध्येच कुठे जातो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसे तुम्ही पहिले नाही. मी नाटकांच्या ध्वनीचं काम करतो, त्यामुळे तालमीच्या हॉलवर किंवा प्रयोगाआधी स्पीकर तपासताना मी जे लावतो ते सगळ्यांच्याच कानावर पडतं. त्यातली एक ठरावीक रेकॉर्ड लागली की कोणीतरी विचारतंच, "अहो, हा गायक मध्येच कुठे जातो? फाइल खराब आहे का?" आमचे रंगभूषाकार काका तर दोनदा उठून वायर हलवून आले.

वायर ठीक आहे. फाइलही ठीक आहे. गायकाला मुद्दाम बाहेर काढलंय.

रेकॉर्डचं नाव 'किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन'. नावावर ऑगस्टस पाब्लो, साल 1976, गाव जमैकाची राजधानी किंग्स्टन. प्रकाराला डब म्हणतात. सिनेमाचं डबिंग हे नव्हे. तिथे एका आवाजाच्या जागी दुसरा आवाज बसवतात, इथे आवाज काढतात आणि जागा तशीच मोकळी ठेवतात. आपल्याकडे रिमिक्स म्हटलं की जुन्या गाण्यावर ढोलकी, टाळ्या आणि दोन हाका चढवायच्या. तिथे मात्र वजाबाकी.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग ऐकायचं काय? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, 1967-68च्या सुमाराला. किंग्स्टनमध्ये तेव्हा नाच रस्त्यावर, मैदानात, मोकळ्या आवारात चालायचे. भल्यामोठ्या स्पीकरांचा संच, अॅम्प्लिफायर आणि रेकॉर्डी घेऊन येणाऱ्याला साउंड सिस्टिम म्हणत. मंडपवाला आणि डीजे एकाच पोटात, असं समजा. रेकॉर्ड बाजारात येण्याआधी तिच्या एक-दोन प्रती खास अशा सिस्टिमवाल्यांसाठी कापून मिळत. रडी रेडवुड नावाच्या सिस्टिमवाल्यासाठी ड्यूक रीडच्या ट्रेझर आयल स्टुडिओत अशीच एक प्रत कापली गेली आणि कापणारा त्यात गायकाचा आवाज घालायलाच विसरला. रेडवुडने ती तशीच नाचात नेली. आधी आवाज असलेली प्रत वाजवली, मग ही लावली. तर अख्खा जमाव स्वतःच गायला लागला. गाणं सगळ्यांना पाठ होतं आणि आता त्यात त्यांना जागा मिळाली होती.

ही गोष्ट सांगणारा प्रत्येकजण तिला थोडं तिखटमीठ लावतो, पण डबचं मर्म तिच्यात आहे. ज्याला आधीचं गाणं ठाऊक आहे त्यालाच काढलेली गोष्ट ऐकू येते. जमैकातल्या माणसाला हा गायक गेलेला वाटत नाही, तो त्याच्या डोक्यात गातच असतो. तुम्हाला ते गाणं माहीत नाही, म्हणून तुम्हाला फक्त भोक ऐकू येतं. तुमचा प्रश्न चुकीचा नाही. तुम्ही पहिला अंक न बघता थेट दुसऱ्याला येऊन बसलात, एवढंच.

हा पहिला अंक म्हणजे जेकब मिलर या गायकाचं 'बेबी आय लव्ह यू सो'. साधं, थोडं केविलवाणं प्रेमगीत. पाब्लोने ते बनवलं, आणि त्याच्या साथीचा डब करून रेकॉर्डच्या मागच्या बाजूवर टाकला. 1975मध्ये आयलंड कंपनीने ती तबकडी इंग्लंडात काढली तर लोकांनी मागची बाजूच उचलून धरली. पुढे अल्बमला नाव मिळालं ते त्या मागच्या बाजूचं.

आता तो डब मिक्स करणारा टबी. खरं नाव ऑस्बोर्न रडॉक, जन्म 1941. धंदा रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्तीचा. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळायचा. हा तपशील मला फार आवडतो, कारण आमच्या क्षेत्रातली कानाची चांगली माणसं मी बहुतेक वेळा सोल्डरिंगच्या धुरातच पाहिली आहेत. त्याची स्वतःची साउंड सिस्टिम होती, होम टाउन हाय-फाय, आणि आवाजाच्या स्वच्छपणासाठी तिचं नाव होतं. शिवाय तो ड्यूक रीडकडे तबकड्या कापायचा. म्हणजे काढलेल्या आवाजाचं काय होतं हे त्याने कापताना हाताने आणि नाचात डोळ्यांनी पाहिलेलं.

वॉटरहाउस वस्तीत, 18 ड्रोमिली अॅव्हेन्यूला, घरातच त्याने स्टुडिओ थाटला. वाद्यवृंद मावायला जागाच नव्हती. गायकाला उभं करायचं ते न्हाणीघरात. म्हणून वादन दुसरीकडे, रँडीजसारख्या मोठ्या स्टुडिओत व्हायचं आणि टेप टबीकडे यायची. डायनॅमिक साउंड्स या स्टुडिओने नवं घेतल्यावर काढलेलं एमसीआय कंपनीचं जुनं मिक्सर, म्हणजे प्रत्येक आवाज वेगळा कमी-जास्त करायचं टेबल, त्याच्याकडे आलं होतं. आज ते सिएटलच्या एका संग्रहालयात ठेवलंय. म्हणजे बघा, कोणाची सतार जपतात, कोणाचा तंबोरा. इथे मिक्सर जपलाय, आणि योग्यच केलंय, कारण टबीचं वाद्य तेच होतं.

ते वाजवायचा कसा, तर टेपवर चार ट्रॅक. ढोबळमानाने ड्रम, बेस, गिटार आणि कीबोर्ड, आणि आवाज. टेप सुरू करायची आणि ती संपेपर्यंत हात चालवायचा. गिटार खाली, बेस वर, आवाजाचा एक शब्द आत घेऊन लगेच बंद, आणि तो शब्द एकोत सोडून द्यायचा. तेव्हाचा एको म्हणजे दुसऱ्या टेपयंत्राची करामत: आवाज एका हेडने टेपवर उतरतो, क्षणभराने पुढचं हेड तो वाचतं, आणि वाचलेला पुन्हा आत सोडला की तो परत, परत, विरत जातो. रिव्हर्बच्या, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या, पेटीत खरोखरची स्प्रिंग असते. पेटीला टपली मारली की वीज कडाडल्यासारखा आवाज येतो, तोही त्याने सोडला नाही. मिक्सरवर एक फिल्टरचं बटण होतं, ते फिरवलं की खालचे आवाज पायरीपायरीने गळून जायचे आणि झांज तेवढी चिरत वर यायची. हे सगळं टेप चालू असताना. आजच्यासारखं पडद्यावर रेघ ओढून 'आता इथे बंद' असं लिहिता येत नव्हतं. तेच गाणं पुन्हा मिक्स केलं तर दुसरंच काहीतरी व्हायचं.

म्हणूनच मी याला तांत्रिक काम म्हणत नाही, सादरीकरण म्हणतो.

आता ते शीर्षकाचं वाजवतो, ऐका. सुरुवातीलाच मिलरचा आवाज येतो, धड एक ओळसुद्धा नाही, तुकडा. तो तुकडा एकोत घरंगळत जातो आणि त्याखाली बेस उघडा पडतो. मग गिटार एका ठोक्यापुरती येते नि जाते. ड्रम कधी अंगावर येतो, कधी शेजारच्या गल्लीत वाजत असल्यासारखा. मिलर परत डोकावतो, काहीतरी म्हणायला जातो आणि दार लागतं. असं सारखं होतं, आणि गंमत अशी की मूळ गाण्यात जो माणूस नुसता प्रेमाची कबुली देत होता, तो इथे खरोखर तळमळतोय असं वाटायला लागतं. पूर्ण गाण्यात मिलर मला तितका भिडत नाही, हे कबूल करतो.

अल्बमवर ज्यांचे हात आहेत त्यांत बॉब मार्लीच्या वेलर्स या बँडमधले दोघे बॅरेट भाऊ आहेत, बेसवर अॅस्टन आणि ड्रमवर कार्लटन. शिवाय बेसवरच रॉबी शेक्सपिअर आणि गिटारवर अर्ल 'चिना' स्मिथ. कार्लटन ज्यासाठी ओळखला जातो ती 'वन ड्रॉप' चाल तबला ऐकणाऱ्याने मुद्दाम ऐकावी. चार मात्रा मोजा. पहिल्या मात्रेवर, जिथे आपण समेला मान हलवायला तयार बसलेलो असतो, तिथे ठोकाच नाही. वजन पडतं तिसऱ्यावर. म्हणजे टबीने हात लावायच्या आधीपासूनच या संगीतात मोक्याची जागा रिकामी ठेवायची रीत होती. त्याने ती पुढे नेली.

आणि पाब्लो. खरं नाव होरेस स्वाबी. हर्मन चिन-लॉय नावाच्या निर्मात्याने त्याला हे दुसरं नाव दिलं. त्याचं वाद्य मेलोडिका: नळीने फुंकायचं, छोट्या पट्ट्यांवर बोटं चालवायची. आत पेटीसारख्याच पत्त्या असतात, त्यामुळे आपल्या हार्मोनियमची ती चुलत बहीणच. शाळेतल्या मुलांचं खेळणं म्हणून तिच्याकडे बघत. पाब्लोने तिच्यातून असे उदास सूर काढले की 1972मध्ये त्याचं 'जावा' जमैकात गाजलं. त्याच्या या बाजाला तिथे 'फार ईस्ट' म्हणत. पूर्वेशी त्याचा संबंध किती ते सोडून द्या, पण पेटीवर वाढलेल्या मराठी कानाला तो आवाज परका वाटत नाही. मी या रेकॉर्डकडे वळलो तो मेलोडिकामुळे, बेसमुळे नव्हे.

एक कडू बाजूही आहे. मागची बाजू वाजवून भरायची तर नवं गाणं नको, नवी वाजवणारी मंडळी नकोत, जुनीच टेप पुन्हा चालवायची. डब वाढला त्यात कलेइतकाच हा हिशेबही होता. वादकांना त्या दिवसाची बिदागी मिळायची, मग त्यांच्या बेसवर दहा रेकॉर्डी निघोत. एखादी कला थोर असली म्हणून तिचा जमाखर्च स्वच्छ असतो असं नाही.

आणि हो, "हे गांजा ओढून ऐकायचं संगीत ना?" असंही विचारतात. गांजा हा शब्द जमैकात पोचला तो 1845पासून तिथल्या मळ्यांवर नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांबरोबर. तेव्हा त्या बाबतीत आपण नाक मुरडू नये.

मी स्वतः एकदा हे करून पाहिलंय आणि सपशेल आपटलोय. एका प्रायोगिक नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात, पार्श्वसंगीत चालू असताना मी फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचा मिक्सरवरचा खटका, झटक्यात खाली ओढला. माझ्या मते टबी. प्रेक्षकांच्या मते लाइट गेली. दोघं खोकले, एकाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि प्रयोगानंतर दिग्दर्शकाने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. घरी जाताना कळलं की ती धून नाटकात त्याआधी एकदाच वाजली होती. कोणाच्या मनात ती बसलेलीच नव्हती, मग ती गेल्याचं दुःख कोणाला होणार? पुढच्या प्रयोगांना ती आधी चारदा पेरली. खोकला थांबला. दिग्दर्शकाला अजून वाटतं की त्याने पॉज वाढवायला सांगितला म्हणून प्रवेश सुधारला. वाटू दे.

परिणामांबद्दल फार पाल्हाळ लावत नाही, कारण ते आज हवेसारखे सगळीकडे आहेत. एका गाण्याची वेगवेगळी रूपं काढणं, मिक्सरपाशी बसलेल्या माणसाला कलावंत मानणं, इतर सगळं थांबवून नुसता बेस नि ड्रम ठेवणं, या सगळ्याचा एक मोठा धागा त्या छोट्या खोलीपर्यंत जातो. टबीच्या हाताखालचा प्रिन्स जॅमी 1985मध्ये 'स्लेंग टेंग' या गाण्याने जमैकाचं संगीत संगणकी वळणावर घेऊन गेला. किंग्स्टनमध्ये जन्मलेला कूल हर्क साउंड सिस्टिमची आठवण घेऊन न्यूयॉर्कच्या ब्राँक्सला गेला आणि 1973च्या ऑगस्टमधल्या त्याच्या पार्टीपासून हिपहॉपचं वय मोजतात. इंग्लंडात मॅसिव्ह अटॅक या बँडने आपला अख्खा अल्बम मॅड प्रोफेसर नावाच्या डबवाल्याच्या हवाली केला आणि 1995मध्ये त्याचा डब निघाला. तो मूळ अल्बमपेक्षा सरस आहे असं माझं मत, यावर भांडायला मी तयार आहे. लंडनच्या दक्षिण आशियाई पोरांनी तर बँडच्या नावातच डब घातला, एशियन डब फाउंडेशन. आणि लांब जायचं नसेल तर 2016मध्ये सुरू झालेला गोवा सनस्प्लॅश हा याच संगीताचा महोत्सव आहेच.

ज्यांनी हे केलं त्यांना फार आयुष्य मिळालं नाही. मिलर 1980मध्ये मोटार अपघातात गेला. टबीला फेब्रुवारी 1989मध्ये रात्री स्टुडिओतून परतल्यावर घराबाहेर गोळी घातली गेली. पाब्लो 1999च्या मे महिन्यात गेला, पन्नाशीसुद्धा न गाठता.

तर आता तुमच्यासाठी एवढंच करा. आधी मिलरचं गाणं ऐका, एकदा नव्हे, तुमच्या तोंडात बसेपर्यंत. भांडी घासताना आपोआप गुणगुणायला लागलात की समजा झालं. मग तबकडी उलटी करा. आणि कृपा करून मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. एवढ्याशा स्पीकरमधून बेस येतच नाही, आणि टबीने तर बाकीचं सगळं काढून बराच वेळ नुसता बेसच ठेवलाय. मग तुम्हाला खरोखरच काही ऐकू येणार नाही, आणि काका परत वायर हलवायला उठतील.