गमबुटाला ठिगळ लावताना

मिरग लागायच्या आत आमच्या घरात गमबूट खाली काढून तपासले जातात. लावणीच्या चिखलात ते कुणी घालत नाही. पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. पण गोठा काढायला, मेरेवरचं गवत कापायला, रात्री पाणी वळवायला ते लागतातच. फुरशाची भीती असतेच, शिवाय सिंधुदुर्गात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, माहीत नाही असं घर नाही. उंदरा-गुरांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात असतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून आत जातात. बूट गळका असला की तेच पाणी तासन् तास पायाला लागून राहतं आणि कातडी भिजून मऊ पडते. म्हणून गळका बूट घालून मी घरातल्या कुणालाही गोठ्यात जाऊ देत नाही.

यंदा दोन जोड दुरुस्तीला निघाले. माझा जुना काळा, आतून कापडाचं अस्तर असलेला, आणि बायकोचा हिरवा.

गळती शोधायला बुटात पाणी भरू नये. अस्तर एकदा भिजलं की आमच्या दमट हवेत सुकता सुकत नाही. मी पंक्चरवाल्याची रीत वापरतो. बुटाचं तोंड पिळून गुंडाळायचं, आत हवा कोंडायची आणि पाऊल बादलीत दाबायचं. माझ्या बुटाच्या चवड्यावर, जिथे चालताना घडी पडते, तिथून बारीक बुडबुड्यांची ओळच वर आली. ती अपेक्षित होती. पण टाचेच्या आतल्या अंगालाही एकेक बुडबुडा सुटत होता. करवंदीचा काटा शिरून मोडला असणार, डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. दोन्ही जागा लगेच बॉलपेनने गोल करून ठेवल्या, कारण बूट सुकल्यावर असं भोक पुन्हा सापडत नाही.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि लोक तीच सोडून थेट ट्यूब पिळायला घेतात: बूट कशाचा आहे? बाजारात सगळ्याला रबरी बूटच म्हणतात, पण त्यातले पुष्कळसे पीव्हीसीचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे असतात. ओळखायला विजेच्या वायरीतली तांब्याची तार पक्कडीत धरून तापवायची, बुटाच्या वरच्या काठाला आतून टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. पीव्हीसी असेल तर ज्योत लखलखीत हिरवी होते. हे पडवीत, वारा असताना करा. तो धूर छातीत जाऊ देऊ नये. बायकोच्या बुटाने ज्योत हिरवी केली, माझ्या बुटाने नाही. वास मात्र जळक्या टायरचा आला.

रबराला सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन उत्तम बसतं. खरी मेहनत त्याच्या आधीची. जुन्या रबरावर पांढुरका थर दिसतो, त्याला लोक बुरशी समजतात. हवेतल्या ओझोनने ताणलेलं रबर चिरतं, ते टाळायला कारखान्यात रबरात मेण घालतात आणि ते हळूहळू वर येतं. हे मेण पुसलं नाही तर ठिगळ सोलून निघणारच. साबणाने धुऊन, पूर्ण सुकवून, मी ८० नंबरच्या पॉलिशपेपरने चिरेभोवती दोन बोटं जागा घासली. चकाकी जाऊन रबर मखमलीसारखं दिसायला हवं. मग पांढऱ्या फडक्यावर थोडं पेट्रोल घेऊन पुसत राहिलो, फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत.

चिरेच्या दोन्ही टोकांना पंचने बारीक गोल भोक पाडलं. विचित्र वाटेल, पण टोक अणकुचीदार राहिलं तर ठिगळाखाली चीर पुढे सरकते. गोल भोकाशी ती थांबते. ठिगळ जुन्या ट्यूबचं, कोपरे गोल कापलेलं, तेही घासून घेतलेलं. दोन्हीकडे सोल्युशनचा पातळ हात द्यायचा आणि थांबायचं. इथेच धीर सुटतो. ओलं असताना चिकटवलं की सोल्युशनमधला पेट्रोलसारखा द्रव अडकतो आणि ठिगळ फुगतं. बोट लावल्यावर चिकटत नाही इतपत सुकू द्यायचं, दुसरा हात द्यायचा, पुन्हा सुकू द्यायचं, मग मधून कडेकडे दाबत बसवायचं. आत लाकडाचा ठोकळा घालून हातोडीने हलकं ठोकलं आणि रात्रभर वजनाखाली ठेवलं.

हिरव्या बुटासाठी बाजारातल्या चपला शिवणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "ह्या रबर नाय, ह्या प्लास्टिक आसा. पिवळा सोल्युशन लावलंस तर आठ दिवसांत सुटतला." कारण पक्कं आहे: पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ घातलेला असतो, तो बाहेर झिरपून साध्या सोल्युशनला लिबलिबीत करतो. पाइप जोडायचं सोल्युशन उलट कडक होतं आणि घडीवर तडकतं. झटपट चिकटणाऱ्या ट्यूबचंही तेच. काकांनी पीयू (पॉलियुरेथेन) सोल्युशन दिलं. ठिगळ मोडक्या पीव्हीसी बुटाच्या पोटरीतून कापलं, दोन्ही बाजू थिनरने पुसल्या, सोल्युशन लावून सुकू दिलं आणि केस सुकवायच्या ड्रायरने गरम करून दाबलं. उष्णतेनेच ते पुन्हा चिकट होतं. दुसऱ्या दिवशी बादलीत एकही बुडबुडा नाही. घडीवरची माझी चीर मात्र मी दर पावसाळ्यात पुन्हा तपासणार, तिथे प्रत्येक पावलाला ताण पडतो.

घोट्याभोवती जाळीसारख्या बारीक चिरा पडल्या असतील तर ठिगळात वेळ घालवू नका. रबरच संपलेलं असतं. एक जागा बुजवली की शेजारची उघडते. अशा बुटाची पोटरी धड असेल तेवढी कापून ठेवा आणि रबर की पीव्हीसी ते त्यावर पेनाने लिहून ठेवा. धड बूट दुमडून किंवा उन्हात ठेवू नका. आमचे पडवीच्या भिंतीला, खुंट्यांवर उलटे टांगलेले असतात.