एक घर मागे, पुन्हा तेच अक्षर

फाइलींचं गाठोडं बांधणाऱ्या ‘टार’ या कमांडचे पर्याय माझ्या कधीच लक्षात राहत नाहीत, म्हणून दुपारी त्याचं मॅन पेज, म्हणजे संगणकातलंच माहितीचं पान, उघडलं आणि पर्याय बाजूला राहून अक्षरांकडेच बघत बसले. कमांडचं नाव ठळक. आपण फाइलचं नाव घालायचं तिथे खाली रेघ. हेच पान कागदावर नीट छापलं तर रेघेच्या जागी तिरपी अक्षरं येतात. जुन्या टर्मिनलांना, म्हणजे कमांड टाइप करायच्या यंत्रांना, तिरपं जमायचं नाही, म्हणून रेघेवर भागवलं, ते आजतागायत.

आणि तो ठळकपणा तरी कसा! आधी अक्षर, मग बॅकस्पेस, मग पुन्हा तेच अक्षर. रेघ हवी तर अंडरस्कोर, बॅकस्पेस आणि त्यावर अक्षर. बेल लॅब्समध्ये नोव्हेंबर १९७१ला युनिक्स या संगणक-प्रणालीचं पहिलं मॅन्युअल निघालं, तेव्हा टर्मिनल म्हणजे कागदावर खडखडणारा टेलिटाइप. पडद्यावर अक्षरावर अक्षर ठोकता येत नाही, पण पान दाखवणारा ‘लेस’ हा प्रोग्राम अजून ती खूण ओळखतो आणि अक्षर उजळ करतो. ते पान तसंच फाइलमध्ये ओतलं की काही यंत्रांवर प्रत्येक ठळक अक्षर दोनदा दिसतं, मधे टोपी घातलेला एच, म्हणजे बॅकस्पेसची खूण.

आमच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये टायपिंगचा क्लास होता. परीक्षा जवळ आली की भल्या सकाळी खडखडाट सुरू. ताई शिकायला जायची, मी नुसती खिडकीत. शीर्षक ठळक करायचं तर ती कॅरेज मागे घ्यायची आणि त्याच अक्षरांवरून पुन्हा ठोकत जायची. सर कागद उजेडात धरायचे. दुसरा ठोका केसभर सरकला असेल तर नुसतं ‘हं’ म्हणायचे, की कागद बदलायचा. इंग्रजी ‘ओ’ तर कधीकधी भोकच पाडायचा. मराठी मशीनवर काही मात्रांच्या कळा दाबल्या तरी कॅरेज हलायचीच नाही; अक्षराच्या डोक्यावर मात्रा चढवायची तर एकाच जागी दोनदा मारणं आलंच.

हल्ली लिखाणात कमांड वेगळी दाखवायची तर सगळं बॅकटिकवर, त्या उलट्या तिरक्या टिकलीवर. साध्या खुणांनी लिहायची ही मार्कडाउन पद्धत २००४ची, वेबवर त्या दोन टिकल्यांमध्ये कमांड ठेवली की मागे बहुधा राखाडी पट्टी येते. तीच फाइल टर्मिनलमध्ये ‘कॅट’ करा, म्हणजे जशीच्या तशी दाखवा, की टिकल्या उघड्याबोडक्या. तरी त्या असाव्यात. नाहीतर ‘ग्रेप’ या शोधायच्या कमांडला लागलेला, ‘ग्रेपने’मधला ‘ने’ कुठे ठेवायचा? कमांडला चिकटून कॉपी झाला की पुढ्यात ‘कमांड सापडली नाही’.

पूर्णविरामाशी मात्र माझं वैर आहे. ‘सीडी’ ही फोल्डर बदलायची कमांड आणि पुढे दोन टिंबं, म्हणजे वरच्या फोल्डरात जा. वाक्य तिथेच संपलं आणि टिकल्या नसल्या की टिंबं होतात तीन. फाइलींतले बदल नोंदीसाठी उचलणाऱ्या ‘गिट ॲड’पुढचं एकुलतं टिंब तर कमांडचाच भाग, नवख्याला वाटतं वाक्य संपलं, तो ते टाइपच करत नाही. मी अशा वाक्याला पूर्णविराम देत नाही. माझं लिखाण तपासणारे लावतात. मी पुन्हा काढते.