नामिबियातली शिकार: कॅलिबरचं नंतर बघा, आधी गोळी ठरवा

नामिबियाहून परत आलो, दुसरी खेप होती. कुडू आणि गेम्सबॉक, तिथली ही दोन्ही मोठी हरणं मिळाली. पुढच्या सीझनला निघालेल्यांसाठी लिहितोय, कारण जो तो "कुठलं कॅलिबर (नळीच्या व्यासाचं माप) नेऊ" एवढंच विचारतो, काडतुसात गोळी कुठली बसवलीय ते कोणी विचारतच नाही.

पहिल्या खेपेला मी .३०० विन मॅग ही जोरदार काडतुसाची रायफल नेली होती, वेगाच्या नादात १५० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) साधी, पातळ जॅकेटची, म्हणजे शिशावर पातळ धातूचं कवच असलेली गोळी घेतली. साठेक मीटरवर गेम्सबॉकच्या खांद्यावर बसली आणि हाडावरच फुटली, आत गेलीच नाही. इतक्या जवळून वेग भरपूर असतो ना, मऊ गोळी तिथेच चिंधड्या होते. माग काढणाऱ्या ट्रॅकरच्या मागे तीन तास रक्ताचे थेंब शोधत हिंडलो, सापडला शेवटी, पण त्या जनावराने जे सोसलं ते माझ्या निवडीमुळे, अजून मनातून जात नाही.

या वेळी .३०-०६ रायफल, गोळी १८० ग्रेनची, बाँडेड, म्हणजे आतलं शिसं जॅकेटला पक्कं जोडलेलं, वेग सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास. कुडू १४० मीटरवर आडवा उभा होता. गोळी दोन्ही फुप्फुसांतून जाऊन पलीकडच्या कातडीखाली अडकली होती, सोलताना ट्रॅकरने माझं बोट धरून तो टणक गोळा चाचपायला लावला. काढली तर पुढून छत्रीसारखी उघडलेली आणि बुडखा जसाच्या तसा! जॉन नोस्लर या अमेरिकन शिकाऱ्यालाही १९४६ मध्ये कॅनडात चिखलाने माखलेल्या मूसवर (हे प्रचंड मोठं हरीण) गोळ्या आत जात नाहीत हा अनुभव आला, त्यातूनच १९४८ ची पार्टिशन गोळी आली, मधे भिंत असलेली. निव्वळ तांब्याची घेणार असाल तर वजन एक पायरी कमी घ्या, १६५ वगैरे, तांबं शिशापेक्षा हलकं म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते.

नामिबियाचा नियम, नळीतून निघताना गोळीची ऊर्जा कमीत कमी इतकी हवी: स्प्रिंगबॉक या छोट्या हरणाला १३५० ज्यूल, कुडू-गेम्सबॉकला २७००, आफ्रिकन रानम्हशीला ५४००. .२४३ कॅलिबरमध्ये १०० ग्रेनची गोळी घातली तर २७०० ला थोडक्यात कमी पडते, .३०-०६ आरामात पास, म्हशीसाठी मात्र .३७५ च. सेमी ऑटोमॅटिक (दर बारानंतर आपोआप भरणारी) बंदूक चालत नाही. विमानात काडतुसं ५ किलोपर्यंतच, एअरलाइनला आधी कळवा.

पोचल्या पोचल्या झीरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते का, ते तपासा, माझा स्कोप (रायफलवरची नेमाची दुर्बीण) प्रवासात हलून १०० मीटरवर गोळी चार बोटं डावीकडे जात होती. १०० मीटरला गोळी नेमाच्या पाच सेंटीमीटर वर ठेवली की २०० पर्यंत काही विचार करावा लागत नाही. आणि तिथल्या हरणांचं हृदय पुढे आणि खाली असतं, खांद्यामागे नेम धरायची सवय सोडा, पुढच्या पायाच्या रेषेत खालून एक तृतीयांश उंचीवर धरा. बार उडाला की जनावर पडलेलं दिसलं तरी लगेच बोल्ट ओढून दुसरं काडतूस चढवा, मग सेफ्टी लावून बघत राहा, गेम्सबॉक पडून पुन्हा उठतो.