निकोडेमस : रेल्वेने टाळलेले गाव

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ, निकोडेमस नावाचे एक लहानसे गाव आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी यादवी युद्धानंतर लगेचच्या काळात मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला वसवलेल्या वस्त्यांपैकी आजवर टिकलेली ही एकमेव वस्ती मानली जाते.

१८७७ साली सहा कृष्णवर्णीय आणि डब्ल्यू. आर. हिल हा एक गोरा जमीन-व्यावसायिक यांनी मिळून गाव वसवणारी कंपनी काढली आणि केंटकी राज्यात पत्रके वाटली. होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन कसून आपली करता येत होती. कालपर्यंत दुसऱ्याच्या शेतात राबलेल्यांना याहून मोठे आमिष काय असणार? त्या सप्टेंबरात सुमारे तीनशे माणसे रेल्वेने एलिस येथे उतरली आणि तिथून पन्नासएक किलोमीटर चालत गेली.

पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांची आठवण नोंदलेली आहे. एलिसमध्ये गोवराची साथ येऊन बरोबरची काही मुले दगावली होती. पुरुषांनी गाव दिसल्याची आरोळी ठोकली, तरी हिकमन यांना घरे कुठेच दिसेनात. तेव्हा पतीने जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवून तेच निकोडेमस असल्याचे सांगितले. त्या माळरानावर लाकूड जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे माणसे जमिनीत खोल्या खणून राहत होती. हिकमन यांना रडू कोसळले. काही कुटुंबे तर आल्यापावली परत फिरली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी अन्न दिले म्हणून गाव तगले, असे तिथले लोक सांगत आले आहेत.

त्यानंतरच्या दहा वर्षांत गावाने जे उभे केले, त्याचे मला अतिशय अप्रूप वाटते. शाळा, चर्च, दुकाने, झॅकरी फ्लेचर यांचे हॉटेल आणि दोन वृत्तपत्रे! याच वस्तीत राहिलेले एडवर्ड मॅककेब १८८२ साली कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. त्या राज्यात राज्यस्तरीय पद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्यांच्यावर स्वतंत्रपणेच लिहायला हवे.

रेल्वे आली तर बाजारपेठ वाढणार, हे सर्वांनाच ठाऊक होते. म्हणून १८८७ साली गावकऱ्यांनी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. तरीही १८८८ साली युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा मार्ग नदीच्या पलीकडून गेला. तिथे बोग हे गाव उभे राहिले आणि निकोडेमसचे व्यापारी तिकडे गेले, काहींनी तर आपल्या इमारतीही उचलून नेल्या. पुढे १९३०च्या दशकातील दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी उरलीसुरली शेतकरी कुटुंबेही पांगवली. १९५३ साली पोस्ट बंद झाले आणि काही वर्षांनी शाळाही.

अनेक जण निकोडेमसचा इतिहास इथेच संपवतात, ते मला पटत नाही. बाजारपेठ गेली, पण गावपण गेले नाही. गुलामगिरीच्या अंताचा उत्सव गाव सुरुवातीपासून साजरा करत आले आहे आणि आपल्याकडे ग्रामदैवताच्या जत्रेला चाकरमानी परततात तसे दूरदूर विखुरलेले वंशज दर वर्षी जुलैच्या अखेरीस त्यासाठी गावी येतात. टाऊनशिप हॉल, दोन चर्च, जुने हॉटेल आणि शाळा या पाच वास्तूंचे महत्त्व ओळखून १९९६ साली निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. त्यासाठी सरकारदरबारी पाठपुरावा करणाऱ्यांत हे वंशजच पुढे होते.