यूपीएसच्या नेटवर्क कार्डाशी जोडणी : नागपुरातील माझा अनुभव

हिंगणा मार्गावरील एका शिक्षणसंस्थेच्या संगणक विभागाचे काम मी पाहतो. गेल्या मे महिन्यात, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात, मध्यरात्री वादळ आले आणि वीज गेली. यूपीएसने, म्हणजे वीज गेल्यावर उपकरणे काही काळ बॅटरीवर चालवणाऱ्या यंत्राने, आपले काम चोख केले; परंतु बॅटरी संपेपर्यंत सर्व्हरला काही कळवणारे कोणीच नव्हते, त्यामुळे तो चालू स्थितीतच बंद पडला आणि प्रवेशप्रक्रियेचा डेटाबेस दुरुस्त करण्यात आमचे दोन दिवस गेले. यूपीएसला नेटवर्कशी जोडून त्याची स्थिती सर्व्हरला कळवणारे नेटवर्क कार्ड बसवायचे, हे त्या दोन दिवसांतच ठरले.

नव्या कार्डाची किंमत मंजूर व्हायला वेळ लागला असता. सुदैवाने बंद झालेल्या एका विभागाच्या जुन्या यूपीएसमध्ये त्याच कंपनीचे कार्ड पडून होते. पुस्तिकेत पाहून खात्री केली की आमच्या यूपीएसच्या मागील स्लॉटमध्ये ते चालू स्थितीतही बसवता येते. दोन स्क्रू काढले, पत्र्याचे झाकण बाजूला केले, कार्ड सरकवले आणि लॅनची केबल लावली. दिवा हिरवा झाला. खरे काम इथून पुढे सुरू झाले.

नवे कार्ड डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कवर आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, स्वतःच पत्ता मागते, त्यामुळे राऊटरच्या यादीत ते सापडते. आमच्या कार्डावर मात्र आधीच्या विभागाने कधी काळी कायमचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील क्रमांक) घालून ठेवलेला होता. तो पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता आणि पासवर्डही कुठे लिहिलेला नव्हता. कार्डावरील चिकटपट्टीवर मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातच दिलेला ओळखक्रमांक, होता. पण कार्ड वेगळ्या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या पत्तागटात, असल्यामुळे नेटवर्क कितीही चाळले तरी ते दिसेना. अशा वेळी सिरियल कन्सोल, म्हणजे नेटवर्क टाळून थेट केबलने कार्डाला लॅपटॉप जोडणे, हाच खात्रीचा मार्ग उरतो.

इथे माझ्या हातून मोठी चूक होता होता राहिली. यूपीएसच्या मागे नऊ पिनांचे एक सिरियल पोर्ट होते आणि माझ्या हातात साधी सिरियल केबल होती. ती लावण्यापूर्वी मी पुण्यातील एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला, तेव्हा तो तत्काळ म्हणाला, “भाऊ, ती केबल तिथे लावू नको, सगळा रॅक बंद पडेल.” या यूपीएसच्या पोर्टमधील पिनांची मांडणी नेहमीपेक्षा वेगळी असते आणि साधी केबल लागताच यूपीएसला बंद होण्याचा संकेत मिळू शकतो. कार्डाचे कन्सोल वेगळे असते : कार्डावरच हेडफोनच्या पिनेएवढे गोल छिद्र असते आणि त्यासाठी एका टोकाला तशी पिन व दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा जोड असलेली खास केबल लागते. नशिबाने ती केबल जुन्या यूपीएसच्या खोक्यात सापडली. लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसल्यामुळे यूएसबी कन्व्हर्टर मात्र बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, आणावा लागला.

लॅपटॉपवरील टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या प्रोग्राममध्ये, वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १ आणि फ्लो कंट्रोल बंद, अशी मांडणी केली. पडदा कोराच राहिला. कॉम पोर्टचा क्रमांक पुन्हा तपासला, दोनतीनदा एंटर दाबले आणि मग वापरकर्त्याचे नाव विचारणारी ओळ उमटली. जुना पासवर्ड पुसून मूळ पासवर्ड परत आणण्यासाठी कार्डावरील रिसेटचे बारीक बटण पिनेने दाबायचे, स्थितीदर्शक दिवा नारिंगी आणि हिरवा असा आलटून पालटून लुकलुकू लागला की लगेच पुन्हा दाबायचे, आणि मूळ नाव व मूळ पासवर्ड टाकून ३० सेकंदांच्या आत आत शिरायचे. पहिल्या खेपेला मला उशीर झाला, दुसऱ्या खेपेला जमले. सर्वांत आधी पासवर्ड बदलला. मग आयपी पत्ता, सबनेट मास्क आणि गेटवे भरून कार्ड रीबूट केले.

या रीबूटविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. कार्ड रीबूट केल्याने यूपीएसचा पुरवठा खंडित होत नाही. बंद होऊन चालू होतो तो कार्डावरील छोटा संगणक. परंतु ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या कार्डाच्या वेब पानाच्या नियंत्रण विभागात यूपीएस रीबूट करण्याचा वेगळा पर्यायही असतो आणि तो खरोखरच सर्व उपकरणांची वीज तोडतो. शब्द तोच असल्यामुळे घाईत गोंधळ होऊ शकतो, म्हणून आमच्याकडे हे काम नेहमी दोघांनी मिळून करायचे, असा नियम मी केला आहे.

वेब पान पहिल्यांदा उघडलेच नाही. कार्डाचे फर्मवेअर (आतले मूळ सॉफ्टवेअर) जुने होते आणि ते टीएलएसच्या, म्हणजे वेब जोडणी सुरक्षित करणाऱ्या पद्धतीच्या, ज्या आवृत्त्या वापरत होते, त्या आजचे ब्राउझर स्वीकारत नाहीत. फर्मवेअर अद्ययावत केल्यावर पान उघडले; प्रमाणपत्राची सूचना आली, ती अपेक्षितच होती. कार्डाचे घड्याळ भारतीय वेळेवर, म्हणजे जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, आणि एनटीपीवर, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेवर, ठेवले. अन्यथा कार्डाची नोंदवही आणि सर्व्हरची नोंदवही यांची सांगड बसत नाही. उपकरणांची स्थिती नेटवर्कवरून विचारण्याची पद्धत म्हणजे एसएनएमपी; तिची आवृत्ती १ बंद ठेवून ३ चालू केली, कारण पहिलीत परवलीचा शब्द उघड्यावर जातो.

सर्व्हरवर शटडाउनचा प्रोग्राम बसवून एका रविवारी चाचणी घेतली. रॅकचा एमसीबी (विजेचा सुरक्षा खटका) पाडला, यूपीएस बॅटरीवर गेला, पण सर्व्हर ढिम्म हलेना. बराच वेळ मी सर्व्हरमध्येच दोष शोधत होतो. दोष होता नेटवर्क स्विचमध्ये : कार्ड आणि सर्व्हर यांना जोडणारा तो छोटा स्विच भिंतीवरच्या साध्या प्लगवर होता, त्यामुळे वीज जाताच निरोप नेणारा रस्ताच बंद होत होता. स्विच यूपीएसवर घेतला. सर्व्हर पूर्ण बंद व्हायला सात मिनिटे लागतात हे घड्याळ लावून मोजले आणि बॅटरीत दहा मिनिटे उरली असतानाच निरोप जाईल अशी मर्यादा घातली. वीज परतल्यावरही बॅटरी ठरावीक प्रमाणात भरल्याशिवाय पुरवठा सुरू करायचा नाही, हेही नोंदवले. आमच्याकडे वादळात वीज येते आणि पाच मिनिटांत पुन्हा जाते.

कार्डाला तापमानाचा संवेदक जोडता येतो, तो मी बॅटरीच्या कप्प्याजवळ लावला. चार दिवसांच्या आलेखात रोज रात्री दहानंतर तापमान चढत जाऊन पहाटे ३६ अंशांवर पोहोचलेले दिसले. रात्री इमारत बंद करताना सर्व्हर खोलीचा एसीही बंद केला जात होता. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. तो आलेख छापून मी प्रशासनाला दिला, आणि आता त्या खोलीत दोन एसी पाळीपाळीने रात्रभर चालतात.