पुंगळीच्या बुडावर काय लिहिलंय ते आधी बघा : आमची वाटचाल

आमच्या आण्णांचा धंदा पितळ-तांब्याच्या मोडीचा. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत छोटं दुकान, गावाकडनं लोक फुटके हंडे, कळशा, घंगाळं घेऊन यायचे, आण्णा काट्यावर टाकायचे, पैसे द्यायचे आणि माल उद्यमनगरातल्या फौंड्रीत वितळायला जायचा. मी दुकानात बसायला लागलो त्याच वर्षी शिरोळकडच्या एक आज्जी तोफेच्या पुंगळ्यांपासून (गोळा उडाल्यावर मागं राहतं ते पितळी नळकांडं) केलेल्या फुलदाण्यांची जोडी घेऊन आल्या, मधे कंबर आवळल्यासारखी, अंगावर द्राक्षाचा वेल ठोकलेला आणि बुडावर काहीतरी खरवडलेलं. 2 किलो 600 ग्राम भरलं, आज्जी पैसे घेऊन गेल्या. आठ दिवसांनी त्यांचा नातू आला. ते खरवडलेलं म्हणजे मोडी लिपीत त्याच्या खापर पणजोबांचं नाव होतं आणि खाली बसरा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला, म्हणजे आताच्या इराकला, गेले होते ते. तोवर माल वितळून गेलेला. पोरगा भांडला नाही काही नाही, बराच वेळ पायरीवर बसून राहिला आणि मग उठून गेला, आण्णा त्या रात्री जेवले नाहीत.

तेव्हापासून दुकानात नियम झाला, तोफेची किंवा बंदुकीची पुंगळी वाटेल अशी वस्तू काट्यावर टाकायच्या आधी उलटी करायची. आणि मी मोडी लिपीचा क्लास लावला.

युद्धातल्या पुंगळ्यांपासून केलेल्या असल्या वस्तूंना ट्रेंच आर्ट म्हणतात हे पण मला तेव्हाच कळलं. खंदकातली कला म्हणतात खरं, पण खंदकात बसून कोण एवढं ठोकणार, बरंचसं काम मागच्या छावण्यांत, वर्कशॉपमधे, युद्धकैद्यांच्या कँपात झालंय, आणि 1918 नंतर तर बेल्जियम-फ्रान्सचे गावकरी रणभूमी बघायला येणाऱ्या लोकांना विकायला करायचे. आपल्या भागात हे सापडतं कारण आपल्याकडे घरटी माणूस फौजेत, सैनिक टाकळीसारखं गाव तर नावातच सैनिक. मेसोपोटेमियातल्या कूटच्या वेढ्यात (डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916) मराठा पलटणी होत्या, दुसऱ्या युद्धात इटलीत होत्या. फुलदाणी, ॲशट्रे, कागद कापायची सुरी, लायटर, काडेपेटीचं कव्हर, काय काय येतं बघा.

ओळखायचं कसं, तर इथं फौंड्रीत गेलेलं बालपण मला लई उपयोगी पडलं. खरी पुंगळी ओतीव नसते, पितळेच्या चकतीला दाबून ओढून केलेली असते, त्यामुळं बुडाशी जाड आणि तोंडाकडं पातळ होत जाते. आतनं बोट फिरवून वाळूचा खरखरीतपणा लागला किंवा साच्याचा सांधा दिसला की समजायचं हे शोपीस म्हणून ओतलेलं आहे. पितळ 70 टक्के तांबं 30 टक्के जस्त, लोहचुंबक चिकटलं तर वर नुसता मुलामा, आत लोखंड. मग माप. ब्रिटिश 18 पौंडी तोफेची पुंगळी साधारण 29-30 सेंमी उंच, तोंड 84 मिमीच्या आसपास, फ्रेंच 75 मिमी तोफेची 35 सेंमी आणि सडपातळ. बुडावर शिक्के असतात, 18 पीआर, 25 पीआर (पीआर म्हणजे पौंडर, पौंडी तोफ), कारखान्याची खूण, साल, ब्रिटिश सरकारी मालावर बाणाची खूण. .303 रायफलच्या काडतुसावर केएफ दिसलं तर ते आपल्या पुण्याजवळच्या खडकीचं. फ्रेंच-जर्मन मालावर बऱ्याचदा महिना पण असतो.

पण बुडावरचं साल हे पुंगळी बनल्याचं साल, नक्षी कधी केली ते त्यावरनं कळत नाही, नक्षी त्याच्या नंतरची एवढंच नक्की. अंगावर 1914-18 कोरलंय आणि बुडावर 1942 असलं तर विषय संपला.

किमतीचं म्हणाल तर वजनाला काय बी अर्थ नाही. नाव, पलटण, जागा आणि तारीख हे चारही असलं आणि घरात त्या माणसाचं डिस्चार्ज बुक किंवा मेडल असलं तर ती वस्तू वेगळ्याच रांगेत जाते. त्यानंतर हाताचं कसब, राळ भरून आतबाहेर केलेलं उठावाचं काम आहे का नुसतं टोच्यानं ठिपके मारलेत. जोडी असली तर सुट्यापेक्षा जास्त. आणि जुना रंग. लोक दिवाळीला चिंच लावून, पावडर लावून घासतात, दरवर्षी अक्षरं थोडी थोडी झिजतात आणि मग मोडीतला न का र हे भिंगातनं पण कळत नाही, माझा जीव तुटतो बघून.

अमोनियावालं पॉलिश तर अजिबात लावू नका. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसांना आपोआप चिरा जायच्या, माल घोड्यांच्या पागेत ठेवलेला असायचा आणि मुतातला अमोनिया हवेत, दाबून ओढलेल्या पितळेत ताण शिल्लक असतो त्यामुळं ते तडकतं, 1921 साली ह्याचं कारण पक्कं झालं. तोंडाजवळ उभी बारीक चीर असलेली पुंगळी आली की मी पहिलं विचारतो, काय लावलं होतं?

2019 च्या पुरानंतर आमचं काम खरं वाढलं. शिरोळ, आंबेवाडी, चिखलीकडनं लोक चिखलानं भरलेल्या ट्रंका घेऊन आले, नुसत्या साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुऊन दिलं, त्यात तीन वस्तूंवर नावं निघाली. त्या कामाचे पैसे आण्णांनी घेऊ दिले नाहीत.

एक महत्त्वाचं. बुडाच्या मधोमध असलेल्या टोपीवर (तिच्यावर पिन आपटली की दारू पेटते) पिन मारल्याचा खड्डा नसेल किंवा पुढं गोळी बसलेली असेल तर दुकानात आणू नका, हात लावू नका, 112 ला फोन करा. आणि 100 वर्षांच्या वरची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तूत येऊ शकते, परदेशी पाठवता येत नाही, म्हणून कोण बाहेर विकून द्या म्हणलं की आम्ही सरळ नाही म्हणतो.

गेल्या महिन्यात कागलकडनं एक जण टेबललँप घेऊन आले, पणजोबांचा कूटमधला म्हणून. बुडावर 25 पीआर आणि 1943. माणसाचा चेहराच पडला एकदम. मग मी विचारलं घरात दुसऱ्या युद्धात कोण होतं का, तर म्हणले आजोबा होते की, पण ते कधी काही बोललेच नाहीत. बुडाचा ठसा पेन्सिलीनं कागदावर घेतला, खाली माप, वजन, साल लिहून दिलं. आता ते आजोबांची कागदपत्रं शोधायला बेळगावच्या मराठा सेंटरला जाणार आहेत.

घरात असं काही असलं तर पुसू नका, आहे तसं घेऊन या. बघायचे पैसे घेत नाही. सोमवारी दुकान बंद असतं.